खाली दोऱ्याची जाळी होत असेल तर आधी वरचा दोरा बघा

तुम्ही लिहिलंय की शिलाई मशीनवर सुती कापडावर मारलेली टीप वरून बरी दिसते, पण कापड उलटलं की खाली दोऱ्याची जाळी झालेली असते. खालचा दोरा सैल असेल असं वाटून तुम्ही बॉबीन केसचा (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, म्हणजे बॉबीन, जिच्यात बसतं त्या डबीचा) स्क्रू आवळत गेलात. जाळी गेली नाहीच, वर आता बॉबीनचा दोराही तुटायला लागलाय.

स्क्रू आवळणं आधी थांबवा. खाली जाळी दिसते म्हणून दोष खालच्या दोऱ्याचा, हा समज फार जणांचा असतो आणि मशीन बिघडायची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. खात्री करायची तर वर लाल दोरा लावा, बॉबीनमध्ये पांढरा भरा आणि चिंधीवर एक टीप मारा. खालच्या गुंत्यात तुम्हाला लाल दोरा दिसेल. म्हणजे ती जाळी वरच्या दोऱ्याची आहे.

असं का होतं ते समजून घेतलंत तर पुढे अंदाजाने चाकं फिरवायची वेळ येणार नाही. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते. शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या आकड्याचं, टोक त्या दोऱ्याचा फास पकडतं आणि बॉबीनभोवती फिरवून आणतं. मग वरची खालीवर होणारी दांडी, म्हणजे टेक-अप लिव्हर, तो फास खेचून कापडात घट्ट बसवते. पण ही दांडी खेचत असताना मागे टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांनी दोरा धरून ठेवलेला असावा लागतो. तो धरलेला नसेल तर दांडी रिळातून नवा दोरा ओढत राहते आणि फास खाली तसाच लोंबतो. अशा प्रत्येक टाक्याचा एक फास साठत जातो, तीच तुमची जाळी. आता यात बॉबीनचा स्क्रू आवळला की खालचा दोरा आणखी ताणला जातो आणि वरच्याला जास्तच खाली ओढतो. म्हणून तुमचा त्रास कमी व्हायच्याऐवजी वाढला.

तेव्हा वरचा दोरा पूर्ण काढा आणि प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून पुन्हा ओवा. फूट वर असताना चकत्या उघडतात, खाली असताना मिटतात. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या मध्ये न शिरता कडेवरच राहतो, आणि दिसायला सगळं बरोबर ओवलेलं दिसतं. टेक-अप लिव्हरच्या भोकातून दोरा सुटलेला नाही ना, तेही बघा. सुईत ओवायच्या आधी दोरा हाताने ओढून पाहा: फूट वर असताना तो सहज सरकायला हवा, फूट खाली केल्यावर स्पष्ट अडायला हवा. अडत नसेल तर चकत्यांमध्ये दोऱ्याचा तुकडा किंवा धूळ अडकलेली असते. फूट वर करून घडी घातलेलं पातळ कापड चकत्यांतून दोन-तीनदा ओढलं की ती निघते.

माझ्या अनुभवात जाळीची तक्रार इथेच संपते. तरीही सुई बदलाच. बोथट किंवा किंचित वाकलेली सुई टाके चुकवते आणि आपण टेन्शनला दोष देत बसतो. साध्या सुतीला १४ नंबर, मलमलीसारख्या पातळ कापडाला ११, जीन्सला १६. सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला आली पाहिजे.

आता तुम्ही आवळलेला स्क्रू जागेवर आणायचाय. बॉबीन केस बाहेर काढा. पत्र्याच्या स्प्रिंगखाली धुळीचा एक कण जरी असला तरी दोरा नीट धरला जात नाही, म्हणून तिथून जाड कागदाचा कोपरा फिरवून घ्या. मग बॉबीन बसवून केस नुसत्या दोऱ्यावर लोंबकळत धरा. आपल्या वजनाने ती खाली घसरू नये, पण हाताला हलकासा झटका दिला की इंच-दोन इंच उतरून थांबावी. तुमची बहुधा हलणारच नाही. स्क्रू डावीकडे सैल करत जा, पण एका वेळी घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच, आणि प्रत्येक वेळी केस पुन्हा लोंबकळून बघा. हे काम थाळीत किंवा पसरलेल्या रुमालावर करा, तो स्क्रू निसटून पडला तर जमिनीवर सापडत नाही. केस एकदा जमली की तिला हात लावायचा नाही. रोजचे बदल वरच्या टेन्शनच्या चाकानेच करायचे. (काढता न येणारी, वरून बॉबीन बसवायची प्लॅस्टिकची केस असेल तर ही लोंबकळायची परीक्षा तितकीशी उपयोगी नाही, तिथे टीप बघूनच ठरवावं.)

वरचं चाक बहुतेक घरगुती मशीनवर ० ते ९ असतं आणि साध्या सुतीला ४ च्या आसपास चालतं. लाल-पांढरा दोरा तसाच ठेवून, तुम्हाला शिवायचंय त्याच कापडाच्या दोन थरांवर टीप मारा. एकाच थरावर केलेली चाचणी फसवते. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे, चाक अर्ध्या आकड्याने कमी करा. खाली लाल ठिपके दिसले तर अर्ध्या आकड्याने वाढवा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत लपली पाहिजे.

डोळ्यांना नीट कळत नसेल तर तीच टीप उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपी, मारा आणि कापड दोन्ही बाजूंनी झटकन ताणा. जो दोरा आधी तुटेल तो जास्त घट्ट. दोन्ही एकदमच तुटले तर तोल जमला.

झिगझॅग मारताना गाठ थोडी खालीच गेलेली चांगली, म्हणून तेव्हा वरचं चाक एखाद्या आकड्याने सैल ठेवा. आणि पातळ कापडावर गाठ मधोमध असूनही शिवण आक्रसत असेल, तर दोन्ही दोरे सारखेच पण जास्त घट्ट आहेत. केसचा स्क्रू सैल करायला योग्य वेळ तीच, आणि मग वरचं चाकही तेवढंच खाली आणायचं. पॉलिस्टर दोऱ्याची बॉबीन मात्र सावकाश भरा. वेगाने भरताना तो ताणला जातो आणि शिवल्यावर आखडून चुण्या पाडतो.

हे सगळं करूनही जाळी राहिली तर लाल-पांढऱ्या टीपेचे वरून आणि खालून असे दोन फोटो टाका, आणि फूट खाली असताना दोरा अडतोय की नाही तेवढं सांगा.