शेवटची सही आधी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला. आपल्या अलिबाग तालुक्यातली ती झिराडची जागा तुझ्या हातून गेली. तू वारस शोधत बसलीस आणि तेवढ्यात चोंढी नाक्यावरच्या कुणा दुसऱ्या एजंटानं तुझ्याच पार्टीला, म्हणजे घेणाऱ्याला, तीच जागा दाखवली, मालकांतल्या मोठ्या भावाच्या हातात टोकनचा चेक ठेवला आणि वर हार घातलेला फोटो ग्रुपवर टाकला. आता तू विचारतेस, 'काका, आपणही आधी टोकन घेऊन टाकायचं आणि कागद मागून निस्तरायचे का? सगळे तसंच करतात.'

सगळे तसंच करतात, हे खरं आहे. तू तसं करायचं नाहीस.

खचू नकोस, धीर धर, असलं काही लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे. प्रामाणिकपणावरही बोलत नाही, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो. एकच गोष्ट सांगायची आहे आणि पत्रभर तीच सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच. शेवटची सही आधी शोध. ज्या माणसाची सही सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात मुश्किलीने मिळणार, त्याच्या दारात पहिल्या दिवशी जायचं. मोठा भाऊ कुठे पळून जात नाही. तो विकायलाच बसलाय.

बाजार कसा झालाय ते तू रोज बघतेस. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली, लगेच टाळेबंदी आली, आणि मुंबईत फ्लॅटमध्ये कोंडलेल्या माणसांना एकदम अंगण हवं झालं. त्या जूनमधल्या निसर्ग वादळानं आपल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, पत्रे उडवले, तरी गिऱ्हाईक कमी झालं नाही. मग २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू उघडला. रेवस-करंजा पूल अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकतोय, आता त्याचं नुसतं नाव घेऊन मालक भाव वाढवतात. किहीम, आवास, सासवणे, नागाव, कुठेही जा. एक जागा, सहा एजंट, सात भाव. ड्रोनचा व्हिडिओ, त्यावर कोळीगीत, खाली 'क्लियर टायटल'. तो व्हिडिओ काढणाऱ्यानं सातबारा उघडून बघितलेला असतो का? बघितला असला तरी वरचं नाव बघतो आणि क्षेत्र बघतो. उजव्या बाजूचं 'इतर हक्क', म्हणजे मालकाशिवाय आणखी कुणाचा हक्क किंवा बंधन आहे ते, वाचत नाही.

आपल्या तालुक्यात तरी ते वाचायला नको का गं? चरीचा संप इथलाच. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि उपाशी राहून ते पाळलं. त्या रेट्यातून पुढे १९४८ चा कूळकायदा आला. आज सातबाऱ्यावर 'कलम ४३ च्या बंधनास पात्र', म्हणजे कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकायची नाही, असा शेरा दिसला की एजंट कपाळाला आठ्या घालतो. कुणाच्या तरी आज्यानं त्या शेऱ्यासाठी सहा वर्षं चूल बंद ठेवली होती. हे जरा विषयांतर झालं, पण मला राग येतो. आणि तो शेरा काही भूत नाही. कुळानं जमीन विकत घेतल्याचं बत्तीस-म चं प्रमाणपत्र मिळून १० वर्षं उलटली असली, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा भरून वाट मोकळी होते. घेणारा शेतकरी हवा, एवढं बघ. पार्टी शेतकरी दाखला दाखवते तेव्हा तो कुठल्या गावच्या कुठल्या गटावरून निघाला, ते त्या गावच्या तलाठ्याकडे विचार. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नकोस. आदिवासीची जमीन असली तर हातच लावू नकोस.

पण खरी अडचण शेऱ्यात नसते, माणसांत असते. कूळ वारलं की वारसनोंद होताना मुलांची नावं कब्जेदार म्हणून वर लागली आणि मुलींची इतर हक्कात खाली, नाहीतर कुठेच नाही. बहिणी काय, लग्न करून गेल्या! महाराष्ट्रात १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा कायदा झाला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या वगळल्या गेल्या. २००५ ला केंद्राचा कायदा बदलला आणि ती अट गेली. तरी २०२० पर्यंत प्रत्येक वकील आपापला अर्थ सांगायचा. त्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, बाप २००५ च्या आधी गेला असला तरी. म्हणजे पेणला दिलेली, डोंबिवलीला दिलेली, सुरतेला गेलेली, प्रत्येक बहीण तुझ्या व्यवहारात बसलेली आहे, तू तिला बोलाव अगर बोलावू नकोस.

आता बाकीचे काय करतात? मोठ्या भावाशी बोलणं, टोकन, साठेकरार, आणि मग 'बहिणी काय, सह्या देतील'. रजिस्ट्रेशनच्या आदल्या रात्री गाडी पाठवून त्यांना आणायचं, हॉटेलात जेवू घालायचं, साडी द्यायची, हक्कसोडावर अंगठा. ज्या देत नाहीत त्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची, नोटीस निघाल्यावर उठतात. हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली की नोंद तक्रारीत, मंडळ अधिकाऱ्याकडे सुनावणी, मग प्रांताकडे अपील, आणि शेजारी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. पार्टीचे पैसे अडकले, भावाने घेतलेले पैसे पोराच्या लग्नात गेले, आणि एजंटाचा फोन लागत नाही. महारेराची, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, परीक्षा तू पास झालीस, फार बरं वाटलं, पण एका शेतकऱ्याची जमीन एका गिऱ्हाइकाला विकली जाते तिथे महारेरा येत नाही. तिथे तुझ्यावर लक्ष ठेवणारं कुणी नाही. म्हणून तर सांगतो, शेवटची सही आधी.

तुला वाटेल, हे म्हाताऱ्याचं तत्त्वज्ञान. नाही गं, यात धंदा आहे. थळच्या एका बाईंचं सांगतो. त्यांच्या भावांची जमीन खाडीच्या बाजूला. भावांना मी शेवटी भेटलो, आधी यांच्याकडे गेलो. अंगणात जवळा वाळत घातला होता आणि त्या हातात काठी घेऊन कावळे हाकत होत्या. मला बसायला सांगितलं नाही. मी जमिनीचं नाव काढल्यावर आत गेल्या आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक जुनी धाऱ्याची पावती घेऊन आल्या, बापाच्या नावाची. पहिला प्रश्न, 'गुंठ्याला काय देतो तो?' दुसरा, 'दादानं किती घेतलं?' मग कावळे हाकता हाकताच सांगू लागल्या. विहीर सामाईक आहे, शेजारच्या घराचाही तिच्यावर हक्क आहे. वरचा दगड मोजणीच्या वेळचा नव्हेच, तो सरकवलेला. आणि खालच्या अंगाला, खारबंधारा फुटल्यापासून, उधाणाच्या भरतीला पाणी घुसतं.

यातलं एक अक्षर भावांनी मला सांगितलं नसतं. मी मोजणी लावली, बाईंचा शब्द खरा निघाला. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामाला बंधन असलेल्या पट्ट्याचा, नकाशा काढला, तर खालचा भाग बांधकामाला बादच. मुंबईच्या पार्टीला वाटतं सीआरझेड म्हणजे पुळणीपासून २०० मीटर. खाडीच्या काठालाही तो लागतो हे त्यांच्या गावी नसतं. किहीमला नीरव मोदी या हिरे व्यापाऱ्याचा बंगला २०१९ च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडला, तेव्हा सगळ्या तालुक्यानं बघितलं आणि चार महिन्यांत विसरला. मी पार्टीला वरचा तुकडाच दाखवला, भावही त्याचाच सांगितला, आणि बाईंनी आपला हिस्सा भावांच्या बरोबरीनं, वेगळ्या चेकनं घेतला. जमिनीतून ज्याला आजवर काही मिळालं नाही, तो जमिनीबद्दल खरं बोलतो. एवढ्यासाठी जा तिच्या दारात. धर्म म्हणून जाऊ नकोस हवं तर, माहिती म्हणून जा.

कसं जायचं तेही सांगतो, कारण तू फोनवर कामं करतेस आणि ते मला पसंत नाही. पहिल्या दिवसापासूनचे सगळे फेरफार काढ. ऑनलाइन नसतील ते तहसीलच्या रेकॉर्डमधून, हाताने लिहिलेले, मोडी असेल तर वाचणारा गाठ. त्यावरून मोठ्या कागदावर वंशावळ मांड. कोण कुणाचा, कोण वारला, कोण कुठे. तलाठ्याला विचारू नकोस, गावातल्या म्हातारीला विचार, तिला सगळं पाठ असतं. मग जा, एकटी जा, भावाला बरोबर घेऊन गेलीस की बाईचं तोंड बंद होतं. पैशाचं बोलणं पहिल्या भेटीत नाही, तिनं काढलं तर टाळायचंही नाही. आणि भाव सगळ्यांच्या समोर, एकाच दिवशी, एकच सांगायचा. हे झालं की मग गेट उघड, पार्टीला बोलाव, ड्रोन उडव, नाच.

'तोवर पार्टी जाईल.' जाईल! झिराडची गेली, पुढचीही जाईल. पहिल्याच फोनवर सांगायचं की मी अजून जागा दाखवत नाही, कागद लागले की दाखवीन. निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेले निम्मे पुन्हा फोन करतात, आणि घेतात तेच.

माझ्याही गेल्या. एक बडी कंपनी आवासच्या बाजूला एकरांनी जमीन गोळा करत होती, काम माझ्याकडे आलं होतं. एका गटात एक भाऊ बोटीवर होता, त्याची सही आल्याशिवाय मी पुढे सरकेना. त्यांनी माणूस बदलला. आज तिथे भिंत आहे, आत व्हिला आहेत, आणि तो माणूस फॉर्च्युनरमधून मांडवा जेट्टीवर पाहुणे आणायला येतो. मी अजून स्कूटरवर. घरी अधूनमधून ऐकावं लागतं. माझा मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, बाबा, तुम्ही धंदा केला नाही, समाजसेवा केली. हळहळ वाटते का मला? वाटते. खोटं कशाला सांगू.

दुसरीही एक हळहळ आहे, ती तुला आधीच सांगून ठेवतो, कारण ती तुझ्याही वाट्याला येणार. दलालांनी तालुका विकला, असं लोक म्हणतात, आणि लोकांत माझे सख्खे नातेवाईकही आले. ज्या वाड्यांतून आम्ही लहानपणी समुद्रावर जायचो तिथे आज फाटक आणि वॉचमन. त्यातली काही फाटकं मी केलेल्या व्यवहारांवर उभी आहेत. मी नसतो तर दुसऱ्यानं विकल्या असत्या, हे खरंच आहे, आणि बहिणींना न विचारता विकल्या असत्या. मी केलेल्या व्यवहारावरून भाऊ-बहीण कोर्टात उभे राहिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. वहिवाटीची वाट जिथे होती तिथे ती खरेदीखतात लिहून घेतली. सगळीकडे जमलं नाही. पण जिथे गावातल्या एका तरी बाईनं आधी तोंड उघडलं, तिथेच मला ती वाट आहे हे कळलं. बघ, पुन्हा तिथेच आलो मी.

आता झिराडचं. तू शोधलेली डोंबिवलीची बहीण तुला फोन करणार, आज ना उद्या. तिला हरकत घ्यायला तू सांगायचं नाहीस. तो दुसऱ्याचा सौदा आहे, त्यात काडी घालणं आपलं काम नव्हे, आणि तुझ्या मनात ते येऊन गेलंय हे तुझ्या आवाजावरून कळलं मला. पण तिनं विचारलं की माझा हक्क आहे का, तर आहे म्हणून सांगायचं. चोंढी नाक्यावर कुणाला राग आला तर येऊ दे, त्यांना माझा नंबर दे.

आणि नागावची वाडी. तिथे तिघे भाऊ, दोन बहिणी, आणि धाकटा कुवेतला. तू थोरल्याच्या घरी दोनदा जाऊन चहा पिऊन आलीस, त्याचा काही उपयोग नाही. धाकट्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात सही होऊन यायला हवं, इथे आल्यावर ३ महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरायला हवं, आणि मुखत्यार कोण यावर घरात भांडण होणार ते वेगळंच. म्हणजे सुरुवात कुवेतपासून. त्याला शुक्रवारी सुट्टी असते, दुपारी फोन लाव. तूच लाव. माझा नंबर बघितला की तो उचलत नाही.

तुझा,
काका