बजेट कमी आहे, किनाऱ्यावर नाणी-अंगठ्या शोधायच्यात. पहिला मेटल डिटेक्टर कोणता घेऊ?

आधी ठरवा, कोरड्या वाळूत फिरणार की ओल्या? खरी मेख तिथेच आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं यंत्र खाऱ्या ओल्या वाळूत काही नसतानाही टिवटिवत राहतं. ओल्या पट्ट्यातच जास्त फिरणार असाल तर मल्टी-फ्रिक्वेन्सीचं (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) मिनलॅब व्हॅनक्विश ३४० बघा. इतर ठिकाणी नोक्टा सिम्प्लेक्स चांगलं, त्यात ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांमुळे येणारे खोटे आवाज टाळायची जुळणी) हाताने लावता येतो. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या जमिनीत लोहखनिज भरपूर, तिथे ही सोय लागतेच. गॅरेट एस २५० मध्ये ती नाही, सेकंडहँड स्वस्त मिळालं तरी हे ध्यानात ठेवा. खेळण्यासारखी बिननावाची यंत्रं मात्र नकोच.

सगळे पैसे यंत्रावर घालवू नका. पिनपॉइंटरसाठी (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारं हातातलं छोटं यंत्र) थोडे राखा, नाहीतर वीतभर खड्ड्यात वाळू चाळत बसाल आणि निघेल सोड्याच्या बाटलीचं झाकण. (सुरुवातीला तेच निघतं!)

आणि हो, गडकिल्ल्यांवर यंत्र नेऊ नका. संरक्षित स्मारकात खोदणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाहेर कुठे जुनं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं असल्यास कलेक्टरला कळवावं लागतं.