स्पोर्ट्स कारचे टायर घासलेत, पावसाळ्याआधी बदलायचेत, कोल्हापुरात राहतो, कुठले घ्यावेत?

भावा, पहिलं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघ, बऱ्याच स्पोर्ट्स कारला पुढची आणि मागची साईज वेगळी असते, आणि दुकानदार म्हणाला "चारी सारखेच टाकूया, स्वस्तात बसतंय" तर अजिबात ऐकू नको. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो ते अक्षर) कंपनीने दिलंय त्याच्या खाली जायचं नाही, डब्ल्यू म्हणजे ताशी 270 आणि वाय म्हणजे ताशी 300 किमीपर्यंत.

आता खरा मुद्दा आपल्या पावसाचा. गगनबावडा किंवा आंबा घाटात जुलैत गाडी काढणार असशील तर ओल्या रस्त्यावरची ग्रिपच बघ, मिशेलिन पायलट स्पोर्ट 5 किंवा कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट 7 असलं काहीतरी तुझ्या साईजमध्ये मिळालं तर डोळे झाकून घे. पायलट स्पोर्ट कप 2 दिसायला लई भारी पण तो ट्रॅकसाठीचा टायर, साचलेल्या पाण्यात गाडी तरंगायला लागती, नकोच.

घेताना टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे 4 आकडे बघ, ते टायर कधी बनला ते सांगतात, 2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा, दोन वर्षं गोडाऊनात पडलेला माल घेऊ नको. कायद्याने टायरची नक्षी 1.6 मिमी खोल असली तरी चालते पण पावसात 3 मिमीलाच बदल. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घे.