घाट उतरताना ब्रेक ‘फेल’ होतात म्हणजे नेमकं काय होतं?

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना ट्रकचे ब्रेक जातात, मग कितीतरी अवजड मालगाडी बोरघाट रोज कशी उतरते, आणि ट्रकमधली हवा संपल्यामुळे हे होतं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी हवेचं. अवजड ट्रकच्या मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असतो. हवेचा दाब ती स्प्रिंग दाबून धरतो. दाब फार उतरला की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे हवा गेली तर गाडी जागीच अडायला हवी. लांब उतारावर खरा घात करते ती उष्णता.

हिशेब मांडून बघा. ४० टनांचा ट्रक ताशी ६० किमी वेगातून पूर्ण थांबवला तर सुमारे ५५ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. तोच ट्रक १०० मीटर उंचीवरून वेग वाढू न देता नुसत्या ब्रेकवर उतरवायचा तर, हवेचा आणि रस्त्याचा विरोध सोडून, जवळपास ३.९ कोटी ज्यूल जिरवावे लागतात. सात वेळा करकचून थांबवण्याइतके, तेही मध्ये थंड व्हायला उसंत न देता! चाकासोबत फिरणारा ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, हवेच्या दाबाने लायनर रेटणाऱ्या दांड्याची, म्हणजे पुशरॉडची, चाल अपुरी पडू लागते. शिवाय तापलेल्या लायनरची पकडही घसरते. टाकीत हवा आहे, पाय पेडलवर आहे, आणि गाडी ऐकत नाही. अशा वेळी हँडब्रेक ओढूनही फारसं हाती लागत नाही, कारण त्याने लागणारा स्प्रिंग ब्रेकसुद्धा तेच लायनर त्याच तापलेल्या ड्रमवर दाबतो.

म्हणूनच उतारावर न्यूट्रल टाकणं मला जिवाशी खेळ वाटतो. गिअर काढला की इंजिनाचा अडसर गेला, इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेकही निरुपयोगी झाला, सगळा भार लायनरवर आला. आणि डिझेल वाचतं हा समजही चुकीचा आहे. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

रेल्वेचं गणितही याच उष्णतेचं आहे. बोरघाटाचा उतार ३७ला १, म्हणजे ३७ मीटर अंतरात १ मीटर खाली, आणि मालगाडीचे ब्रेक ब्लॉक थेट चाकाच्या धावेवर घासतात. ते सतत लावून ठेवले तर चाकाची कडा इतकी तापते की तिच्यात तडे जाऊ शकतात. त्यामुळे वेग मुळातच कमी ठेवतात आणि बराचसा भार इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकवर टाकतात. मोटारी जनित्रासारख्या फिरतात. डब्ल्यूएजी-९ सारखं मालगाडीचं विजेवरचं इंजिन ती वीज वरच्या तारेत परत पाठवतं. घर्षणाचे ब्रेक त्याच्या जोडीला आणि गाडी थांबवायला. शिवाय ते लावून सोडले की डब्यांखालच्या हवेच्या टाक्या पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून लोको पायलट उगाच लाव-सोड करत नाही. एवढं करूनही गाडी सुटलीच तर तिला चढावर वळवून थांबवणाऱ्या कॅच सायडिंग घाटात आहेत.

ट्रकवाल्या मित्रांना एक सांगा: ज्या गिअरमध्ये ब्रेक क्वचितच लागतील तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाका. जळका वास आला आणि गाडी अजून ताब्यात असेल तर सुरक्षित जागी थांबा, चाकांखाली ठोकळे लावा आणि ड्रम आपोआप निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका, बिडाचा ड्रम तडकतो.