चार महिने निखळलेलं कोपर: ऑपरेशन करावं की राहू द्यावं?

ताई, तुमचा भाचा पंधरा वर्षांचा. घाटंजीकडच्या गावात चिंचेवरून पडला, हाडवैद्याने कामट्या बांधल्या, तेल चोळलं. आता चार महिन्यांनी हात जवळजवळ सरळच अडकलाय, घास तोंडापर्यंत जात नाही. एक डॉक्टर म्हणतात राहू द्या, दुसरे म्हणतात उघडून बसवू. हाडांच्या वॉर्डात आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूचा, म्हणजे ऑपरेशन करावं.

'राहू द्या' हा सल्ला सत्तरीतल्या, दुखत नसलेल्या माणसाला ठीक. याच्यापुढे पन्नास वर्षांचं काम पडलंय, आणि या वयात कृत्रिम सांधा हा पर्याय नाही.

पण आधी एक करा: आता कोणालाही तो हात ओढू देऊ नका. साधारण तीन आठवड्यांनंतर निखळलेलं कोपर ओढून बसत नाही. सांध्याच्या खोबणीत चिवट पेशी भरतात, दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू आखडतो, बाजूचे अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) आवळतात. जोर लावला तर हाड मोडतं, कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) खरवडते. चोळण्याने तर स्नायूतच हाड धरू शकतं, मग कोपर आणखी जाम होतं. हाडवैद्यावर राग काढून उपयोग नाही. गावात तोच जवळ असतो. पण एक्सरेशिवाय निखळलंय की मोडलंय हे त्यालाही कळत नाही.

ऑपरेशन कोपराच्या मागून होतं. सर्जन सगळ्यात आधी करंगळीकडे जाणारी अल्नर नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) शोधून बाजूला जपतात, कारण ती चिकटलेली असते. करंगळीला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. मग खोबणी साफ करतात, आखडलेला ट्रायसेप्स व्ही आकारात कापून वाय आकारात शिवून लांब करतात (स्पीड या सर्जनची ही पद्धत १९२५ पासूनची), आणि सांधा जागेवर आणतात. तो टिकावा म्हणून बऱ्याचदा दोन-तीन आठवडे सांध्यातून तार घालतात. काही ठिकाणी बिजागरीचा बाहेरचा फिक्सेटर (हाडांना बाहेरून धरणारी चौकट) लावतात, त्यात हालचाल लवकर सुरू होते. आतल्या बाजूच्या हाडाचा तुकडा तुटून सांध्यात अडकलाय का, हे आधी सीटी स्कॅनमध्ये बघायला सांगा. या वयात तसं होतं.

कोपर पहिल्यासारखं होईल असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य अंश धरला, तर रोजच्या कामांना ३० ते १३० अंशांपर्यंत वाकणं पुरतं, हे मॉरे या सर्जननी १९८१ मध्ये मोजून दाखवलं. तेवढी मिळाली, घास तोंडाला लागला, शर्टाची गुंडी लावता आली, तर ऑपरेशन जमलं म्हणायचं. शेवटची थोडी सरळ होण्याची हालचाल बहुधा राहूनच जाते.

तार निघाल्यावरचे महिने खरे कष्टाचे. व्यायाम मुलाने स्वतःच्या ताकदीने करायचा, दुसऱ्याने दाबून वाकवायचा नाही. आजी तेलाची वाटी घेऊन बसेल, तिला प्रेमाने थांबवा.

सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) विचारा. आणि दहावीची परीक्षा होऊ द्या, मग बघू, असं करू नका. दर महिन्याला सांधा जास्त आखडतो. लिहायचा हात असेल तर लेखनिकासाठी शाळेत आत्ताच विचारून ठेवा.