दिवाळीचे दिवे आणि तुमचा कॅमेरा

प्रश्न : गॅलरीतला आकाशकंदील फोटोत नुसता पांढरा गोळा दिसतो. रंग, नक्षी काहीच येत नाही. (एक वाचक, कोथरूड)

चौकटीत अंधार जास्त असला की कॅमेरा तो उजळायला जातो आणि कंदील ‘जळतो’, म्हणजे उजेड जास्त होऊन त्यातले बारकावे पुसले जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो कमी-जास्त उजळ करायची सेटिंग) उणे १ किंवा उणे दीडवर आणा, नक्षी परत येईल. पण खरा उपाय वेळेचा आहे. दिवाळीत पुण्यात सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर पंधरा मिनिटं थांबा. पुढची साधारण वीस मिनिटं आकाश गर्द निळं असतं आणि त्याचा उजेड कंदिलाच्या उजेडाशी जुळतो. मागची इमारत, कठडा, तोरण, सगळं एकाच फोटोत येतं. आठ वाजता तेच आकाश काळंठिक्कर झालेलं असतं. पुष्कळ जण जेवणं आटोपून लक्ष्मी रस्त्यावर रोषणाई टिपायला जातात, तेव्हा मला फार हळहळ वाटते. जागा दिवसाउजेडी हेरून ठेवा आणि दिवेलागणीला ट्रायपॉड लावून तयार राहा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) कॅमेऱ्याला ठरवू द्या. बटण दाबताना बसणारा धक्का टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावा.

प्रश्न : पणत्यांचा सोनेरी रंग फोटोत फिका का पडतो? (एक वाचक, सहकारनगर)

ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे कॅमेरा आपोआप रंग जुळवतो त्यामुळे. पणतीच्या ज्योतीचं रंगतापमान (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका रंग पिवळा-नारिंगी) जेमतेम १९०० केल्विन असतं. कॅमेऱ्याला तो पिवळेपणा दोष वाटतो आणि तो पुसायला बघतो. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा. फारच नारिंगी दिसलं तर ४००० केल्विनच्या आसपास आणा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ठेवलीत तर हे घरी बसूनही करता येतं. रांगोळीतला लाल रंग मात्र आधी जळतो, आणि तो नंतर कशानेही परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा.

प्रश्न : एलईडीच्या माळेचे काही दिवे फोटोत विझलेले येतात. माळ तर नवी आहे! (एक वाचक, हडपसर)

माळ चांगली आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला ५० किंवा १०० वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या १/५०० वर असेल तर नेमका विझलेला क्षण सापडतो. १/५० किंवा त्याहून संथ ठेवा. पळत्या दिव्यांची माळ असेल तर दोन सेकंद द्या, सगळे दिवे उजळतात.

प्रश्न : त्रिपुरी पौर्णिमेला देवळात पणत्या लावताना मुलीचा फोटो काढायचा आहे. गर्दीत ट्रायपॉड नाही, मग फ्लॅश वापरू का? (एक वाचक, कसबा पेठ)

फ्लॅश अजिबात नको, पणत्यांचा उजेडच मरतो. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स असेल तर ती लावा. आयएसओ ३२००, शटर १/६०. आयएसओ वाढवल्याने फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा चालत नाही. तिला चार-पाच पणत्यांच्या जवळ बसवा. चेहऱ्यावर उजेड खालून आणि थोडा बाजूने येऊ द्या. ओढणी आधी खोचून घ्या, हे फोटोपेक्षा महत्त्वाचं. फोकस ज्योतीवर न घेता डोळ्यावर घ्या.

प्रश्न : प्रत्येक फोटोत हिरवट ठिपके येतात. (एक वाचक, औंध)

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर (पुढे बसवलेली संरक्षक काच) काढून बघा. दिव्यांची प्रतिबिंबं बहुतेक वेळा त्याच काचेत पडतात.