आठ सुऱ्यांच्या संचाऐवजी एक सुरी आणि एक दगड

ताई, तुमचा धाकटा भाऊ हॉटेल मॅनेजमेंटची पदविका पूर्ण करून पुण्यातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नुकताच रुजू झाला आहे आणि पोळ्याला तो गावी येणार आहे. त्याला ५,००० रुपयांपर्यंतची चांगली सुरी भेट द्यावी, अशी तुमची इच्छा आहे. मोबाइलवर तुम्हाला त्याच किमतीत ‘दमास्कस’ असे लिहिलेला, पात्यांवर लाटांची नक्षी असलेला आठ सुऱ्यांचा संच दिसला असून तो घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका गावी राहतो आणि गेली २६ वर्षे लग्नाच्या व तेरवीच्या पंगतींचा स्वयंपाक करतो. या काळात सुऱ्यांवर पुष्कळ पैसे वाया घालवले असल्यामुळे कारणे जरा विस्ताराने लिहितो.

हॉटेलात काम करणारा माणूस दिवसभर एकच मोठी सुरी वापरतो, सोलण्या-कोरण्यासाठी एक लहान सुरी जवळ ठेवतो आणि फार तर पावासाठी दातेरी पाते वापरतो. संचातील उरलेल्या पाच सुऱ्या खोक्यातच राहतात. शिवाय ५,००० रुपये आठ पात्यांत वाटले गेले की एकाही पात्याला चांगले पोलाद लाभत नाही. तुमचा भाऊ बहुधा दोघा-तिघांसोबत एका खोलीत राहत असेल आणि सुरी रोज पिशवीतून नेत-आणत असेल. संचासोबत येणारा लाकडी ठोकळा त्याने ठेवावा तरी कोठे?

नक्षीबद्दलही सांगायला हवे. ‘दमास्कस’ म्हणजे थरावर थर जोडून केलेले, लाटांची नक्षी दिसणारे पोलाद. खऱ्या थरांच्या पात्यात मध्यभागी एक कठीण पोलादाची पट्टी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना मऊ पोलादाचे अनेक थर जोडलेले असतात. कापण्याचे काम मधली पट्टी करते आणि बाहेरची लाट बव्हंशी शोभेची असते. स्वस्त संचांत तर अशी लाट पुष्कळदा आम्लाने किंवा लेझरने साध्या पत्र्यावर उमटवलेली असते. पात्याची पाठ निरखून पाहिली आणि तेथे थरांच्या रेषा मुळीच दिसल्या नाहीत, किंवा विकणाऱ्याने मधल्या पोलादाचे नावच कोठे दिले नाही, तर ती नक्षी वरवरची आहे असे समजावे. लोखंडाच्या बाबतीत आपण इतके भुलावे याचे मला नेहमीच नवल वाटते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात इसवीसनपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. आपल्या मातीला लोखंडाची ओळख नवी नाही.

आता पोलादाकडे वळतो. पोलादात कार्बन जितका जास्त तितके ते अधिक कठीण करता येते. साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळले की त्याला सहसा गंज चढत नाही आणि त्यालाच आपण स्टेनलेस म्हणतो. क्रोमियम नसलेल्या कार्बन पोलादाला धार फार सुरेख बसते व लवकर लावताही येते, परंतु लिंबू, चिंच, कांदा, टमाटर यांचा रस लागताच ते काळे पडते आणि ओले राहिले तर एका रात्रीत गंजते. सुरीची कठीणता रॉकवेल मापात मोजतात. जर्मन धाटणीच्या सुऱ्या साधारणपणे ५५ ते ५८ अंकांच्या, तर जपानी धाटणीच्या ६० ते ६३ अंकांच्या असतात. अंक जास्त म्हणजे सुरी उत्तम, असा समज सर्वत्र आहे आणि माझे नुकसान त्यानेच केले. काही वर्षांपूर्वी मी हौसेने ६१ अंकांची, अतिशय पातळ पात्याची सुरी घेतली. कांदा तिच्याखाली लोण्यासारखा कापला जाई. एका पंगतीला कोहळे फोडायची घाई झाली, तेव्हा मदतनिसाने तीच सुरी कोहळ्यात रोवून बाजूला पिळली आणि धारेचा तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. दोष सुरीचाही नव्हता आणि त्या पोराचाही नव्हता. कठीण पोलाद वाकत नाही, ते तुटते. मऊ पोलादाची धार अशा वेळी वळते आणि ती पुन्हा सरळ करता येते.

हॉटेलातील पहिली दोन-तीन वर्षे नवख्या माणसाच्या वाट्याला पोती-पोती कांदे, घाई आणि दुसऱ्यांनी न विचारता उचललेली सुरी एवढेच असते. म्हणून त्याच्यासाठी ५६ ते ५८ अंकांची स्टेनलेस सुरी घ्यावी. पात्यावर किंवा वेष्टनावर ‘एक्स५०सीआरएमओव्ही१५’ अशी अक्षरे दिसली तर समाधान मानावे. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते आणि जर्मनीतील झोलिंगेन या सुऱ्यांच्या गावचे नामांकित कारखानेही हेच पोलाद वापरतात. त्या गावच्या घडीव सुऱ्या तुमच्या रकमेत बहुधा बसणार नाहीत. मात्र स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सची प्लॅस्टिक मुठीची ८ इंची सुरी बसण्याचा पुष्कळ संभव आहे. दिसायला ती अगदीच साधी असते, भेट म्हणून हातात देताना कदाचित संकोचही वाटेल, पण जगभरच्या हॉटेलांत ती वापरली जाते ती काही उगाच नाही.

लांबी ८ इंचच घ्यावी. १० इंचांची सुरी मोठ्या ओट्यावर शोभते, पण अरुंद जागेत शेजाऱ्याच्या कोपराला लागते. आपल्याकडे घरोघरी पावशीवर चिरतात. तेथे पाते स्थिर असते आणि भाजी हलते. हॉटेलात भाजी स्थिर असते आणि पाते हलते. त्यामुळे मुठीपेक्षाही पाते हातात कसे बसते हे महत्त्वाचे ठरते, कारण सराईत माणूस मुठीच्या पुढे, पात्याच्या मुळाशी अंगठा आणि तर्जनीची चिमूट धरून चिरतो. दुकानात प्रत्यक्ष घेणार असाल तर तशी चिमूट धरून पाहावी. त्या जागी पात्याची पाठ बोटाला टोचू नये, सुरीचा तोल साधारण तेथेच साधला जावा आणि धार फळीवर टेकवली असता बोटांची पेरे फळीला घासू नयेत, म्हणजे पाते मुळाशी किमान साडेचार सेंटिमीटर रुंद असावे. धारेचा मागचा कोपरा जर जाड धातूच्या पट्टीने झाकलेला असेल तर ती सुरी टाळावी. दगडावर घासताना ती पट्टी अडते आणि काही वर्षांनी धारेला मध्येच खोलगटपणा येतो.

मुठीविषयी मात्र तुम्ही भावाला विचारूनच ठरवा. पुष्कळ हॉटेलांत स्वच्छतेच्या नियमांमुळे लाकडी मूठ चालत नाही. तो डावखुरा आहे का, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दोन्ही बाजूंनी धार लावलेली सुरी कोणत्याही हाताला चालते, परंतु एकाच बाजूने धार असलेल्या पारंपरिक जपानी सुऱ्या बहुधा उजव्या हातासाठीच घडवलेल्या असतात.

तुमच्या गावच्या लोहाराकडून सुरी घडवून घ्यावी का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. हा विचार मला मनापासून आवडला. ट्रकच्या कमानीची जुनी पट्टी तापवून, ठोकून, नीट पाणी देऊन (म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कठीण करून) केलेली सुरी विकतच्या पुष्कळ सुऱ्यांपेक्षा सरस असते. माझ्याकडे अशा दोन आहेत आणि मटणासाठी मी दुसरी सुरी हातात घेत नाही. पण ते कार्बनचे पोलाद आहे. वापर झाला की लगेच पुसायचे आणि रात्री खाद्यतेलाचे बोट फिरवायचे, एवढी निगा घरी राखता येते. दहा जणांच्या हॉटेलात ती कोणी राखत नाही. पुण्याला न्यायची म्हणून ती देऊ नये. आईच्या स्वयंपाकघरासाठी जरूर घडवून घ्यावी, म्हणजे सुटीत आलेला भाऊही ती वापरील.

आता ज्या गोष्टीविषयी तुम्ही विचारलेच नाही, तिच्याविषयी लिहितो. कोणतीही सुरी हॉटेलात काही आठवड्यांत बोथट होते. म्हणून निम्म्याहून थोडी अधिक रक्कम सुरीवर आणि उरलेल्यातून धारेच्या दगडावर खर्च करावी. एका बाजूने १००० आणि दुसऱ्या बाजूने ३००० क्रमांकाचा पाण्याचा दगड पुरेसा आहे; क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक. दगड भिजवून ओल्या फडक्यावर ठेवायचा, सुरीची पाठ दगडापासून साधारण करंगळीच्या जाडीएवढी वर धरायची आणि तोच कोन राखून पाते मुळापासून टोकापर्यंत फिरवायचे. दुसऱ्या अंगाला बोट धारेच्या आडवे हलकेच फिरवल्यावर बारीक कड लागू लागली की बाजू पालटायची. शेवटी ३००० च्या बाजूवर हलक्या हाताने ती कड उतरवायची. पहिले चार-पाच प्रयत्न फसतात, म्हणून सुरुवात घरच्या जुन्या सुरीवर करावी.

बाजारच्या दिवशी सायकलचे चाक फिरवून धार लावणारा येतो, त्याच्याकडे आपली पावशी आणि इळा खुशाल द्यावा, पण ही सुरी देऊ नये. कोरड्या चाकावर धार इतकी तापते की कधी कधी निळसर होते, आणि मग पोलादाचे पाणी उतरून ती जागा कायमची मऊ पडते. हॉटेलात टांगलेली लोखंडी सळई हा वेगळा प्रकार आहे. ती वळलेली धार सरळ करते, नवी धार काढत नाही. त्यामुळे सळई असली तरी दगड लागतोच. चिरायला लाकडाची किंवा प्लॅस्टिकची फळी असावी, कारण ग्रॅनाइटच्या ओट्यावर एकदा चिरले तरी धार गेलीच म्हणून समजा.

राहता राहिला तुमच्या आईंचा आक्षेप, की सुरी दिल्याने नात्यात अंतर पडते. ही समजूत फक्त आपल्याकडचीच नाही. युरोपातही ती आहे आणि तेथील लोक सुरीसोबत एक नाणे देतात, ते घेणाऱ्याने देणाऱ्याला परत करायचे, म्हणजे सुरी भेट न राहता विकत घेतलेली ठरते. तुम्हीही भावाकडून एक रुपया मागून घ्या. आईंचे मन राखले जाईल आणि वाद वाढणार नाही.

सुरी देताना पात्याला जाड पुठ्ठ्याची घडी करून चिकटपट्टी लावा किंवा प्लॅस्टिकचे म्यान घ्या. तो नागपूरहून विमानाने परत जाणार असेल तर सुरी हातातल्या पिशवीत चालणार नाही, तिची जागा विमानतळावर सोपवायच्या सामानातच आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा. दगड जड असतो, म्हणून तो कपड्यांच्या घडीत बांधून द्यावा. माझा पहिला दगड प्रवासात दुभंगला होता.